देवपुजारींचा निःपक्षपाती प्रश्न

यज्ञेश्वर देवपुजारींनी सांख्यिकी खात्यातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत बकऱ्या मोजल्या, बोअरवेल मोजल्या, भाताखालची जमीन मोजली, एका वर्षी तर जिल्ह्यातल्या यच्चयावत शिलाई मशिनी मोजल्या. माणसाचं मत मात्र त्यांनी कधी मोजलं नव्हतं. बकरीचं एक बरं असतं. तिला रागानं मोजा की लाडानं मोजा, ती एकच भरते. उपसंचालक म्हणून ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात वरिष्ठ म्हणाले होते की देवपुजारींच्या सहीचा आकडा पुन्हा तपासावा लागत नाही. निवृत्तीला पाच वर्षं झाली तरी दाढी करताना ते हे वाक्य मनातल्या मनात एकदा म्हणून घेत. दुसरी काही इस्टेट त्यांच्यापाशी नव्हती असं नाही, पण जिवापाड जपलेली अशी ही एकच.

आणि नीलकंठ पोतदारांना नेमकी तीच हवी होती.

पोतदारांचं सिलतऱ्याला लोखंडी पत्र्यांचं गोदाम होतं आणि हिंदी मुलखातल्या तात्यापारा या मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाचे ते सलग अकरा वर्षं अध्यक्ष होते. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी दुखणंखुपणं निघालं की गाडी घेऊन पहिले पोचणार ते पोतदारच. फक्त समाजाचं मत त्यांना समाजाच्या आधी कळे, आणि मग समाजाला ते कळवायचं काम तेवढं शिल्लक राही. दोन हजार तेवीसचा एप्रिल होता. एकाच लिंगाच्या दोन माणसांना कायद्यानं लग्न करू द्यावं का, याची सुनावणी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे लागणार होती. मंडळानं सभासदांचं मत घ्यावं, अक्षय तृतीयेच्या सभेत ते जाहीर करावं आणि दिल्लीला पाठवून द्यावं, असं पोतदारांनी ठरवलं. एक कागद घेऊन ते देवपुजारींच्या घरी आले.

"देवपुजारी साहेब, तुम्हाले फक्त सही करायची आहे," ते म्हणाले. "आकडा आपण नव्वदच्या वर ठेवून राहिलो."

"सर्वेक्षण कधी झालं?"

"व्हायचं आहे."

देवपुजारींनी चष्मा लावून कागद वाचला. आपल्या पवित्र विवाहसंस्थेवर आलेलं संकट परतवून लावण्यासाठी आपण समाजासोबत आहात ना, असा प्रश्न होता. उत्तरं तीन होती: हो, अर्थातच हो, आणि पूर्ण ताकदीने हो. लग्नाविषयी देवपुजारींचं स्वतःचं असं काही मतच नव्हतं, कारण तो विषय आजवर त्यांच्या टेबलावर आला नव्हता. पण प्रश्नाची ही अवस्था त्यांच्यानं बघवेना. त्यांनी पोतदारांना सरळ सांगितलं की सही हवी असेल तर प्रश्न मी तयार करीन. पोतदारांनी आनंदानं मान डोलावली. प्रश्न कसाही केला तरी उत्तर ते आणि तेच येणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तो प्रश्न तयार करायला देवपुजारींना नऊ दिवस लागले. बातमी पाऱ्यात पसरली आणि जो तो सल्ला देऊन जाऊ लागला. शेजारच्यांनी सुचवलं की प्रश्न जरा आडवळणानं विचारा, बायामाणसं लाजतात. समोरच्यांचं म्हणणं, विचारूच नका, लोक विसरून जातील. दूधवाल्यानंही उन्हात उभं राहून मसुदा ऐकला, "हव, बढिया है," म्हणाला आणि उद्या अर्धा लिटर जास्त लागेल का तेवढं विचारून गेला. दर सातव्या घरी जाऊन मत घ्यावं, ही देवपुजारींची शास्त्रीय इच्छा होती. पोतदारांनी ती हाणून पाडली. त्यांच्या मते एप्रिलमध्ये घरोघर हिंडणारा सर्वेक्षक चौथ्या घरीच आडवा होईल. त्यापेक्षा मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दोनशे बायका आयत्या येतात. आंब्याची डाळ, पन्हं आणि फॉर्म, सगळं एकाच फेरीत हातात पडेल.

"म्हणजे ज्यांना आंब्याची डाळ आवडते त्यांचंच मत येईल," देवपुजारी म्हणाले.

"ती कोणाले आवडत नाही?" पोतदारांनी विचारलं.

नवव्या दिवशी प्रश्न झाला. एकाच लिंगाच्या दोन प्रौढ व्यक्तींच्या विवाहास कायद्याने मान्यता द्यावी की देऊ नये? एक, द्यावी. दोन, देऊ नये. तीन, सांगता येत नाही. देवपुजारींनी तो बायकोला वाचून दाखवला. मीनलताई म्हणाल्या, छान आहे, पण यात तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात ते कळत नाही. इतकं मोठं कौतुक त्यांच्या वाट्याला चौतीस वर्षांत आलं नव्हतं. त्या आनंदात त्यांनी प्रश्नाच्या वर कुटुंबाचा तक्ता जोडून टाकला: नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं. त्याची काडीचीही गरज नव्हती. पण तक्ता नसलेला फॉर्म त्यांच्या हातून आजवर बाहेर पडला नव्हता, आणि उघड्या डोक्यानं देवळात गेल्यासारखं त्यांना झालं असतं.

छपाई भनपुरीच्या बंडूभैयाकडे होती. फाइल पाठवायचं काम देवपुजारींनी मुलीवर सोपवलं. शर्मिष्ठा कायदा शिकवायची आणि घरात मराठी ऐकून हिंदीत उत्तर द्यायची. बापाचा प्रश्न वाचून तिनं नाक मुरडलं. "बाबा, सामनेवाले ढोल लेकर आ रहे हैं, और आप थर्मामीटर," ती म्हणाली आणि नमुना म्हणून आपलाही एक प्रश्न तिनं सोबत पाठवून दिला. पोतदारांनी त्यांचा मूळ प्रश्न फोनवरून बंडूकडे आधीच धाडलेला होता. देवपुजारींचा धाक म्हणून 'नाही, मी समाजासोबत नाही' असं चौथं उत्तर त्यांनी त्यात वाढवलं होतं, एवढाच काय तो फरक.

हळदीकुंकू यथासांग पार पडलं. देवपुजारी पुरुष, म्हणून दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आतून हसण्याचे आवाज येत होते. मत देताना लोक इतके हसत असतील हे त्यांना माहीत नव्हतं. संध्याकाळी फॉर्मचा गठ्ठा घरी आला. त्यांनी वरचा एक काढला. तो पोतदारांचा प्रश्न होता. दुसरा काढला, तो शर्मिष्ठाचा. आयुष्यभर एकमेकांची काळजी घेणाऱ्या दोन माणसांना दवाखान्यात एकमेकांच्या उशाशी बसू न देण्याइतकं निष्ठुर आपण व्हावं का? एक, नाही. दोन, हो, व्हावं. सगळा गठ्ठा त्यांनी उलथापालथा केला. नऊ दिवसांचा प्रश्न कुठेच नव्हता.

बंडूभैयाला फोन लागला. देवपुजारींनी तो मजकूर खात्याच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता, आणि छापखान्यातल्या संगणकावर त्याचे नुसते चौकोन चौकोन दिसत होते. कुटुंबाचा तक्ता हातानं आखून फोटो म्हणून जोडलेला, त्यामुळे तेवढा वाचला आणि दोन्ही प्रश्नांच्या वर चढला. बाकीचे दोन प्रश्न मात्र स्वच्छ उमटले होते. कोणाला वाईट वाटू नये म्हणून बंडूभैयानं दोन्ही शंभर शंभर छापले आणि गड्डीत एकाआड एक लावले. "साहब, दोनों पार्टी अपनी ही हैं," तो म्हणाला.

देवपुजारींनी कपाळाला हात लावला. तरी सवयीनं मोजायला बसलेच. पाच पाच रेघांचे गठ्ठे करत गेले आणि शेवटी सगळी बेरीज पुन्हा पहिल्यापासून करायला बसले. पोतदारांच्या प्रश्नाचे शहाण्णव फॉर्म आले होते, त्यातल्या पंचाण्णव बाया पूर्ण ताकदीनं समाजासोबत होत्या. शर्मिष्ठाच्या प्रश्नाचे सत्त्याण्णव आले होते. त्यात पंचाण्णव बायांनी निष्ठुर व्हायला साफ नकार दिला होता. 'हो, व्हावं' वर खूण करणारी एकच निघाली, आणि तिच्या डोळ्यापुढे त्या वेळी नणंद होती असं मीनलताईंकडून पुढे कळलं. एकच दुपार, एकच डाळ, एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेल्या बाया. कागद कुठला हातात आला एवढाच फरक, आणि दोन्ही बाजूंना मोजून पंचाण्णव.

देवपुजारींना राग यायला हवा होता. पण ते थक्क झाले होते. मत म्हणजे पोत्यातलं धान्य, मूठभर काढून बघितलं की आत काय आहे ते कळतं, असं ते आजवर धरून चालले होते. इथं तर मूठ बदलली की धान्यच बदलत होतं. विश्वाचं एखादं गुपित आपल्या दिवाणखान्यात चुकून उघडं पडलंय असं त्यांना वाटलं. मीनलताईंनी जेवायला तीनदा हाक मारली.

उरले दोन फॉर्म, दोन्ही प्रश्नांचा एक एक. दोन्हींवर खूण नव्हती. दोन्हींवर लाल शाईनं एकाच वळणदार अक्षरात एकच शेरा होता: 'प्रश्नातच उत्तर आहे. पुन्हा लिहा.' नावं बघायची देवपुजारींना गरज नव्हती. आठवीत त्यांच्या गणिताच्या वहीवर याच अक्षरात याहून वाईट शेरे पडलेले होते. कलावतीबाई आणि पद्मिनीताई. बाई शाळेत गणित शिकवायच्या, पद्मिनीताई पोस्टात होत्या, आणि दोघी चव्वेचाळीस वर्षं तात्यापाऱ्यात एका घरात राहत होत्या. पाऱ्यात त्यांना नुसतं 'दोघी' म्हणत. दोघींना बोलावलं का, दोघी आल्या का. याच्या पुढे कधी कोणी विचारलं नव्हतं आणि न विचारण्याला सगळे सभ्यपणा समजत. मंडळाच्या हळदीकुंकवाला पंच्याहत्तराव्या वर्षीही दोघींना कुमारिका म्हणून कुंकू लावत.

विरोधाच्या बाजूचा कागद बाईंनी परत पाठवला, यात देवपुजारींना नवल वाटलं नाही. पण बाजूनं लिहिलेलाही परत पाठवला होता, तोच शेरा मारून. आणि तक्त्यात, कुटुंबप्रमुखाशी नातं या रकान्यात, दोन्ही कागदांवर आडवी रेघ होती. अपुरा फॉर्म दिसला की सर्वेक्षकानं पुन्हा घरी जायचं, हा खात्याचा नियम. दुसऱ्या दिवशी सकाळीच देवपुजारी त्यांच्या दारात उभे राहिले.

पद्मिनीताईंना आता कमी दिसे. बाई त्यांना पेपर वाचून दाखवत होत्या. देवपुजारींनी रकान्यावर बोट ठेवून अडखळत विचारलं की इथं काय भरू.

"तुह्या यादीत काय काय आहे?" बाईंनी विचारलं.

देवपुजारींनी सांगितलं. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, नोकर, भाडेकरू, इतर.

"जनगणनेची ड्युटी आम्हा मास्तरांलेच राहायची," बाई म्हणाल्या. "आपल्या पाऱ्याची चारही वेळा मलेच होती. एक्क्याऐंशी, एक्क्याण्णव, दोन हजार एक, दोन हजार अकरा. चारदा मी याच घराचा फॉर्म याच टेबलावर भरला आणि हिच्या नावापुढे माह्या हातानं 'इतर' लिहिलं. पद्मिनी इतर नाही, यज्ञेश्वर. आता मी खोटं लिहीत नाही, आणि खरं लिहाले तुह्या यादीत शब्द नाही. म्हणून रेघ मारली."

पद्मिनीताई हसून म्हणाल्या, "भाडेकरू लिहाले मी तयार होती. हीच नाही म्हणे."

देवपुजारींनी मान खाली घातली. इतकी वर्षं त्यांनीच अशा याद्या छापून घेतल्या होत्या. 'इतर' हा त्यांचा आवडता रकाना होता. त्यात सगळं बसे आणि बेरीज जुळे. आपल्या बेरजा कोणाकोणाला गिळून जुळत होत्या, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं, शर्मिष्ठाचा प्रश्न तर तुमच्या बाजूचा होता, तो का परत केला?

"रडवून घेतलेलं मत हसवून परत नेता येते," बाई म्हणाल्या. "मले नीट विचारलेलं पाहिजे. मग 'नाही' आलं तरी चालेल."

आयुष्यभर निःपक्षपातीपणाच्या नावानं पगार घेतलेला माणूस तिथून निघाला तो भारावून. आपण तो निःपक्षपातीपणा बकऱ्यांवर खर्च केला, आणि या बाईंनी स्वतःच्या संसारावर केला, हा विचार त्यांना घरापर्यंत पुरला.

घरी पोतदार बसलेले होते. अहवाल टाइप होऊन आला होता: निवृत्त उपसंचालकांच्या शास्त्रीय देखरेखीखाली, नव्व्याण्णव टक्के विरोध. खाली सहीपुरती जागा. दुसरा गठ्ठा छपाईची चूक म्हणून बाजूला ठेवायचा होता. आतून शर्मिष्ठा म्हणाली की मग पहिलाच बाजूला ठेवा, दुसऱ्यात अठ्ठ्याण्णव टक्के पाठिंबा आहे. देवपुजारी दोघांनाही नाही म्हणाले. पोतदार दुखावले. तुमच्या मनात काही वेगळं असेल तर ते सगळ्यांसमोर सांगा, असं म्हणून अहवाल टेबलावर ठेवून आणि आपल्या प्रश्नाचा गठ्ठा काखेत मारून ते निघून गेले.

अक्षय तृतीयेला सकाळी अकरा वाजता सभागृह भरलं. देवपुजारी उठले. त्यांनी दोन्ही आकडे वाचले. सभागृहात कुजबुज झाली, मग गलका. आपणच दोन्हीकडून ठाम होतो हे ऐकून बाया एकमेकींचे फॉर्म विचारू लागल्या. पोतदार उभे राहिले आणि म्हणाले की ठीक आहे, साहेबांचा जो काय खरा प्रश्न असेल तो आत्ता विचारा आणि हात मोजा, आपण भिऊन राहिलो का कोणाले? ही मागणी वाजवी होती. देवपुजारींनी घसा साफ करून आपला नऊ दिवसांचा प्रश्न अखेर मोठ्यानं वाचला. मग म्हणाले, मान्यता देऊ नये असं वाटणाऱ्यांनी हात वर करा.

मागून काही हात निघाले. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या कलावतीबाई सवयीनं मागे वळल्या आणि बोटानं हात मोजू लागल्या. निम्म्या सभागृहाला त्यांनी गणित शिकवलं होतं. निघालेले हात खांद्यापर्यंत येऊन थांबले, काही केसांवरून फिरून परत गेले. एकानं पंख्याकडे बोट दाखवलं.

बाईंच्या ते ध्यानात आलं. त्या उठल्या.

"यज्ञेश्वर, हे बरोबर नाही होऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "मी पुढे बसली तर पोट्टे खरं सांगणार नाहीत. आम्ही दोघी बाहेर जातो. मग विचार. जे निघेल ते लिही."

त्यांनी पद्मिनीताईंचा हात धरला. पद्मिनीताईंना पायऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून दोघी अगदी सावकाश, एक एक पाऊल सांगत, साऱ्या रांगांमधून चालत बाहेर गेल्या. बाहेर सावली नावाला नव्हती. मांडववाला संध्याकाळी यायचा होता. अंगणाच्या मधोमध दोघी सभागृहाकडे पाठ करून उभ्या राहिल्या, म्हणजे कोणाचा हात दिसू नये.

देवपुजारींच्या डोळ्यांपुढची अक्षरं पुसट झाली. त्यांनी आयुष्यात पुष्कळ काटेकोर माणसं पाहिली होती, पण आपल्याविरुद्धची मतं नीट मोजली जावीत म्हणून बेचाळीस अंशांत जाऊन उभं राहणारं कोणी पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी कर्तव्य केलं. प्रश्न पुन्हा वाचला. देऊ नये म्हणणाऱ्यांनी हात वर करा. सभागृह गप्प. द्यावी म्हणणाऱ्यांनी? गप्प. पुढच्या रांगेतल्या शर्मिष्ठाचाही हात मांडीवरच राहिला. सांगता येत नाही? तेही कोणी सांगितलं नाही. सगळ्यांच्या माना दाराकडे वळलेल्या होत्या.

पाच मिनिटांनी पोतदारांच्यानं राहवेना. हातातला गठ्ठा तसाच घेऊन ते बाहेर गेले. देवपुजारी दारापर्यंत आले.

"बाई, उन्हात काहून उभ्या राहता? आत या न," पोतदार म्हणाले.

"मतं झाली का, नीलकंठ?"

"नाही."

"मग आम्ही इथेच बऱ्या. तुम्ही सावकाश घ्या."

"माह्यं मत बदललं नाही बाई," पोतदार म्हणाले. "मी खोटं कशाले बोलू."

"मग आत जाऊन हात वर कर. मी तुले तेच सांगून राहिली."

पोतदार आत आले नाहीत. थोडा वेळ घाम पुसत तसेच उभे राहिले. मग त्यांनी हातातला शहाण्णव फॉर्मचा गठ्ठा उघडला आणि पद्मिनीताईंच्या डोक्यावर सावली धरली.

देवपुजारी टेबलापाशी परत आले. घरून सोबत आणलेला तो टाइप केलेला अहवाल त्यांनी पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर, चौतीस वर्षं लिहिलेल्या सरकारी मराठीत, लिहिलं: 'सभासदांचे मत निश्चित करता आले नाही. ज्यांच्याविषयी प्रश्न होता त्या दोघी, तो निःपक्षपातीपणे विचारला जावा म्हणून, स्वेच्छेने बाहेर उन्हात उभ्या होत्या. त्या तिथे उभ्या असेपर्यंत एकही हात वर झाला नाही.' एकदा वाचून पाहिलं, आणि खाली पूर्ण नावानं सही केली.